थोरलीची जागा

आमच्या घरात मला धाकटी म्हणतात. माझ्या पाठीवर भाऊ झाला, चालायला लागला, शाळेत गेला, आता संभाजीनगरला नोकरी करतो, तरी धाकटी मीच. बाहेरच्या कुणी विचारलंच तर माय म्हणायची, "पोरींत धाकटी हाय." पोरींत मी एकटीच होते. हे मला कधी खटकलं नाही. घरात पडलेली नावं कुणी उलटून पाहत नाही.

मी पुण्यात पीएच.डी. करते. विषय दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे कोवळे ग्रह. नुकतेच झालेले, अजून आतून गरम असलेले, आपली जागा न सापडलेले. ते दिसत नाहीत. दिसतो तो तारा, आणि ताऱ्याच्या उजेडात अधूनमधून पडणारी बारीकशी तूट. ग्रह ताऱ्यासमोरून गेला की उजेड किंचित उणा होतो आणि पुन्हा भरून येतो. ठरावीक दिवसांनी तसंच परत परत घडलं तर तिथं कुणीतरी फिरतंय असं म्हणता येतं. अडचण अशी की तारा कोवळा असला म्हणजे तोही धड नसतो. त्याच्या अंगावर मोठाले काळे डाग असतात, आणि डाग समोर आला तरी उजेड तसाच उणा होतो. माझं निम्मं काम म्हणजे ग्रह कोणता आणि डाग कोणता हे ओळखणं.

त्या वर्षी माझ्याकडे एक तारा होता आणि त्याच्याभोवती एक ग्रह आहे असं मी जवळजवळ धरून चालले होते. माझे मार्गदर्शक सावध माणूस. ते म्हणाले, दोन रंगांतली निरीक्षणं येऊ देत, मग बोलू. ती परदेशातल्या एका दुर्बिणीवरून यायची होती. तेवढ्यात दिवाळीनंतर अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, डोळ्याचं ऑपरेशन परभणीला ठरलं. भावाला सुट्टी नव्हती, कापसाची वेचणी तोंडावर होती. माझं सगळं काम लॅपटॉपवरचं. गच्चीवरच्या खोलीत नेटवर्क येतं. मी गावी आले आणि राहिले.

आमचं गाव जिंतूरच्या बाजूला, मुख्य रस्त्यापासून आत. काळी जमीन, कापूस, सोयाबीन, थोडी तूर. अण्णा मुळातच कमी बोलणारे. ऑपरेशननंतर दवाखान्यातून मिळालेला काळा चष्मा लावून ते ओसरीवर बसत, तेव्हा ते कुणीकडं बघतायत तेही कळायचं नाही. बोलायची ती माय. तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, "तू तिथं करतीस काय नेमकं?"

मी तिला समजेल असं सांगितलं. नवे जन्मलेले ग्रह शोधते म्हणाले.

"म्हंजी लेकरंच की."

"तसंच म्हण."

"समदी जगतेत का ती?"

मी म्हणाले, न्हाई. काही ताऱ्यात पडतात, काही फेकली जातात, कुठं जातात कळत नाही. मायनं पदराला हात पुसले. मग म्हणाली, "तुझं कसं हाय?" माझ्या त्या ग्रहाबद्दल विचारत होती. मी म्हणाले, बरं हाय. तेव्हापासून रोज भाकरी वाढताना ती विचारायची, "कसं हाय गं तुझं लेकरू?" आणि मी रोज सांगायचे. मला त्याची गंमत वाटायची. खरं म्हणजे गमतीपेक्षा बरं वाटायचं. पुण्यात त्याच्याबद्दल इतक्या मायेनं कुणी विचारत नव्हतं.

माय शेतात एकटीच बोलते हे आम्हाला लहानपणापासून माहीत होतं. बांधावर एक जुना कडुलिंब होता. दुपारची भाकर खाल्ली की ती त्याच्या बुडाशी जाऊन बसायची आणि हलक्या आवाजात काहीबाही बोलत राहायची. आम्हाला वाटायचं, जप करते. आम्ही लिंगायत, सगळ्यांच्या गळ्यात लिंग, सकाळी पूजा झाल्याशिवाय कुणी तोंडात पाणी घेत नाही, त्यामुळं बाईमाणसानं झाडाखाली बसून पुटपुटणं यात नवल नव्हतं. त्या दिवशी मी पाण्याची बाटली घेऊन गेले. कापूस वेचायची ओटी तिच्या कमरेला तशीच होती. मी मागून आले, आणि पहिल्यांदा मला तिचे शब्द नीट ऐकू आले.

"धाकटी आलीय. लय वाळलीय. तिथं काय खाती कोण जाणं. तुझ्या अण्णाला आता बरं दिसायलंय. पट्टी निघाली परवा."

मी तिथंच थांबले. 'तुझ्या अण्णाला' हे ती कुणाला म्हणत होती, तिथं झाडाशिवाय कुणी नव्हतं. पायाखाली कापसाच्या पऱ्हाटीचं वाळलेलं काडूक मोडलं तशी ती वळली. दचकली नाही, लाजली नाही.

"पाणी आणलंस? ठेव."

मी बाटली ठेवली आणि घरी आले. संध्याकाळपर्यंत लॅपटॉपसमोर बसून होते. धाकटी हा शब्द मी मनात किती वेळा म्हटला असेल. जिथं धाकटी असते तिथं थोरली असावी लागते, एवढी साधी गोष्ट मला इतकी वर्षं सुचली नव्हती.

मी मायला विचारलं नाही. विचारायची वेळ दुसऱ्याच कारणानं आली. आमच्या शेताकडं जाणारी पाणंद पावसाळ्यात गुडघाभर चिखलाची. ती रुंद करून पक्की करायचं गावानं ठरवलं. सरपंच आमच्या भावकीतलेच. एक दिवस सकाळी ते दोघांतिघांना घेऊन ओसरीवर आले. चहा झाला. ते म्हणाले, "दादा, बाकी समदं जमलंय. तुमचा तेवढा लिंब मधी येतोय."

अण्णांनी मान हलवली. घेऊन टाका, अशा अर्थाची.

आतून माय दारात आली. माणसं बसलेली असताना ती कधी मधे बोलायची नाही. "लिंब तोडायचा न्हाई," ती म्हणाली.

सरपंच म्हणाले, "वहिनी, तुमच्याच सोयीचा रस्ता हाय. दुसरीकडून वळवायला जागा न्हाई."

"मग रस्ता नगं."

ती आत गेली. माणसं अण्णांकडं बघत होती. अण्णांनी काळा चष्मा जमिनीकडं वळवला. "बघतो मी," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासोबत शेताकडं निघाले. त्यांना डोळ्यात धूळ जाऊ द्यायची नव्हती, म्हणून हळू चालत होतो. पाणंदीत आम्ही दोघंच होतो. मी विचारलं, "अण्णा, लिंबाखाली कोण हाय?"

ते चालत राहिले. जरा वेळानं म्हणाले, "कुणी सांगलं तुला?"

"मायला बोलताना ऐकलं."

"तुझ्याआधीची," ते म्हणाले. "पोरगी होती."

मग त्यांनी जे सांगितलं ते चालता चालता, तुकड्यातुकड्यानं सांगितलं. मी इथं सलग लिहितेय, पण तसं ते आलं नाही. पावसाळ्याचे दिवस होते. मायला पहिलटकरीण म्हणून माहेरी, पोखर्णीच्या बाजूला न्यायचं होतं. तिचा भाऊ, माझा मामा, तिला न्यायला आला आणि त्याच दिवशी तिचं पोट दुखायला लागलं. दिवस भरले नव्हते. पोरगी झाली. गावातल्या स्वामींनी येऊन तिच्या गळ्यात लिंग बांधलं. नाव बाराव्या दिवशी ठेवायचं होतं. तितके दिवस ती राहिली नाही. माय तापानं फणफणलेली होती. अण्णा आणि मामा पोरगीला घेऊन शेताकडं गेले. बाळंतिणीला कुणी तिकडं नेत नाही.

"लिंबाखालीच ठेवायचं ठरलं होतं," अण्णा म्हणाले. आम्ही त्या झाडापाशी पोचलो होतो. "मीच खांदायला लागलो. पण खांदलं की पाणी. काळी जमीन, वरून पाऊस. बाहेर टाकावं तेवढं परत भरायलं. पाण्यात कशी ठेवू तिला?"

मग म्हणाले, "लिंबाखाली न्हाई ती."

ते दोघं तिला घेऊन पुढं ओढ्याकडं गेले होते. तिथल्या उंच दरडीवर मुरूम होता, जागा कोरडी होती. तिथं, आमच्यात पुरतात तशी, बसवून ठेवली. मामा आता नाही, म्हणजे ती जागा माहीत असणारे एकटे अण्णाच उरले होते.

"मग मायला लिंब का सांगितलात?"

"ती उठून बसल्यावर पहिलं तेच विचारलं तिनं. कुठं ठेवली. ओढा म्हणलो असतो तर ती तिथं जाऊन बसली असती. ओढा भरून चालला होता. तिची दशा तवा..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "लिंब वाटेवर हाय. येताजाता दिसतो. म्हणून लिंब म्हणलं. बरी झाली की सांगू म्हणलं."

"मग?"

"मग तू झालीस. आन् एका वर्षी लय पाणी आलं, दरड ढासळली. समदं गेलं. आता काय सांगू तिला?"

आम्ही लिंबाच्या सावलीत उभे होतो आणि बुडाशी मायच्या बसण्यानं जमीन गुळगुळीत झालेली होती. तिथं काही नव्हतं हे कळल्यावर ती जागा मला आधीपेक्षा जास्त भेडसावायला लागली. कुणी असतं तर बरं झालं असतं, असं वाटलं.

त्याच आठवड्यात दोन रंगांतली निरीक्षणं आली. ग्रह सगळ्या रंगांचा उजेड सारखाच अडवतो. डाग तसं करत नाही. निळ्या उजेडात त्याची खळी, म्हणजे उजेडातली तूट, खोल दिसते, तांबड्यात उथळ. माझी खळी निळ्यात खोल होती, तांबड्यात जेमतेम दिसत होती. मी हिशेब परत करून पाहिला, मग आणखी एका पद्धतीनं पाहिला. मार्गदर्शकांना व्हिडिओवर दाखवलं. ते थोडा वेळ आलेखाकडं बघत राहिले आणि हळुवारपणे म्हणाले, "तुला कळलंच आहे."

खाली आले तर माय ताटावर होती. "कसं हाय तुझं लेकरू?"

"बरं हाय," मी म्हणाले.

पुढचे चार-पाच दिवस मी तसंच म्हणत राहिले. दुपारी माय लिंबाखाली बसायची, मी गच्चीवरून तिकडं बघायचे. दोन्ही गोष्टी ठाऊक असलेली घरात मी एकटी होते, आणि मला नीट जेवण जात नव्हतं. कापसाच्या ओळींतून जाताना मागं कुणीतरी चालतंय असं वाटायचं. लहान पावलं नव्हेत, माझ्याच एवढ्या बाईची. ती जगली असती तर माझ्यापेक्षा दोनेक वर्षांनी मोठी असती. मी थांबले की तीही थांबायची. मागं वळून पाहायचं मी टाळत होते.

शेवटी एका दुपारी आम्ही तिघं स्वयंपाकघरात होतो. माय भाकरी थापत होती, अण्णा पाटावर जेवत होते. तिनं रोजच्यासारखं विचारलं. मी म्हणाले, "माय, ते न्हाई."

तिचा हात थांबला. "न्हाई म्हंजी? गेलं?"

"गेलं न्हाई. नव्हतंच. ताऱ्यावरचा डाग होता तो. मला ग्रह वाटला."

"कवा कळलं?"

"झाले चार-पाच दिवस. तुला सांगायचं जमलं न्हाई."

"त्यात काय. सांगायचं की," ती म्हणाली आणि भाकर तव्यावर टाकली. रागानं नाही, अगदी सहज म्हणाली, "नसलेल्याची खबर रोज कशाला ऐकवायलीस मला?"

अण्णांनी हातातला घास ताटात ठेवला. मी त्यांच्याकडं पाहिलं, आणि आता काय होणार ते मला कळलं.

"लिंबाखाली बी न्हाई," ते म्हणाले.

कोण, काय, असं मायनं विचारलं नाही. ती तव्याकडं बघत राहिली. भाकर करपल्याचा वास आला. तिनं ती उतरवली, गॅस बंद केला, पीठ लागलेले हात परातीत झटकले. मग विचारलं, "कुठं मग?"

अण्णांनी सांगितलं. मला सांगितलं होतं तेच, पण आता सलग. पाणी, खड्डा, दरड, ओढ्याचा पूर. मायनं मधे एकदाही अडवलं नाही. त्यांचं सांगून झाल्यावर ती एकेक विचारायला लागली. तिनं हे प्रश्न इतकी वर्षं सांभाळून ठेवले असतील असं मला कधी वाटलं नव्हतं.

"कशात गुंडाळली होती?"

"तुझ्या हिरव्या लुगड्याच्या पदरात. तुझ्या भावानं फाडून घेतला."

"तो पदर उंदरानं नेला म्हणत होते मी." मग विचारलं, "लिंग?"

"गळ्यातच ठेवलं."

"तोंड कुणीकडं केलं?"

"उगवतीला."

"पाऊस होता का वरून?"

"झिमझिम होती. मी पोतं धरलं वरून. तिच्यावर पडू दिला न्हाई."

माय मान हलवत होती, जणू तिला हे सगळं बरोबर वाटत होतं. मग तिनं विचारलं, "डोळे मिटलेले होते का तिचे?"

अण्णांनी काळा चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसायला लागले. "ध्यानात न्हाई," ते म्हणाले. पदराचा रंग, पोतं, उगवत, सगळं ध्यानात असलेला माणूस. माय त्यांच्याकडं बघत राहिली. त्यांनी मान वर केली नाही.

"मग मी कुणासंग बोलत होते?" ती म्हणाली. हे तिनं अण्णांना विचारलं नाही, मलाही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती म्हणाली, दाखवा. आम्ही तिघं ओढ्यावर गेलो. पाणी थोडंच होतं, कडेला बेशरमीची झुडपं माजलेली. आमची जमीन जिथं संपते तिथून खाली सरळ तुटलेली होती.

"इथं?" मायनं विचारलं.

"आणखी तिकडं," अण्णा म्हणाले आणि त्यांनी हात पुढं केला. त्यांचं बोट हवेत होतं. पाण्याच्या वर, पुरुषभर उंचीवर, जिथं पूर्वी जमीन होती. "तिथवर होती दरड."

माय त्या रिकाम्या हवेकडं बघत उभी राहिली. मला वाटलं, आता ती बोलेल. इतकी वर्षं सगळं सांगत आली ती, कुणाला जावई मिळाला, कुणाची म्हैस व्याली, भाऊ पास झाला, मी पुण्याला गेले. पण तिनं तोंड उघडलं नाही. वारा नव्हता. कुठंतरी पाण्यात काहीतरी डुबकन वाजलं आणि आम्ही तिघांनीही एकदम तिकडं पाहिलं. मग तिनं डोक्यावरचा पदर नीट केला. "चला, वेचणी पडलीय," म्हणाली.

सरपंच परत आले तेव्हा तिनंच सांगितलं, तोडा. लिंब पडला त्या दिवशी ती दोन ओळी पलीकडं कापूस वेचत होती. करवतीचा आवाज चालू असेपर्यंत तिनं मान वर केली नाही. मग मशीन आणून मुळं उपटली. मी तिथं गेले नसते, पण पाय गेले. मोठा खड्डा पडला होता आणि मी वाकून आत बघत होते. काही नाही हे माहीत असताना बघत होते. शेजारी कुणाची तरी सावली पडली म्हणून पाहिलं, तर अण्णाही येऊन आत बघत होते. खड्ड्याच्या तळाशी काळं पाणी झिरपायला लागलं होतं.

त्यानंतर मायचं एकटीनं बोलणं थांबलं. घरात, शेतात, कुठंच नाही. ती हलकी पुटपुट माझ्या सगळ्या बालपणामागं चालू असायची, ती बंद झाल्यावर घर भलतंच मोठं वाटायला लागलं. माय आजारी नव्हती, रुसलेली नव्हती. अण्णांना वेळेवर डोळ्यात थेंब घालायची. बोलणं तेवढ्यापुरतं.

मी वरच्या खोलीत प्रबंध लिहीत बसायचे. एका दुपारी वाटलं, दारात कुणी उभं आहे. वळून पाहिलं तर गच्चीवर ऊन होतं आणि वाळत घातलेल्या तुरीच्या शेंगा. पुन्हा लिहायला लागले. पुन्हा तेच. आत यायचं नाही, हाक मारायची नाही, नुसतं वाट पाहत उभं राहिल्यासारखं. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. पण एक विचार डोक्यातून जाईना. इतकी वर्षं या घरातलं सगळं कुणीतरी थोरलीला रोज सांगत होतं. आता कुणी सांगत नाही. तिला काहीच कळणार नाही.

एकदा मी मोठ्यानं म्हणाले, "लिंब तोडला." माझाच आवाज मला ओळखू आला नाही. मी लॅपटॉप उचलून खाली ओसरीवर जाऊन बसले, आणि नंतरचं सगळं लिखाण तिथंच केलं.

मकर संक्रांतीनंतर मी पुण्याला परत आले. अण्णा जिंतूरपर्यंत सोडायला आले होते. बस लागेपर्यंत आम्ही बाकावर बसून होतो. ते काहीतरी सांगतील असं मला दोनदा वाटलं. विचारावंसंही वाटलं, थोरलीच्या डोळ्यांबद्दल. विचारलं नाही. मला ते ऐकायचं नव्हतं, आणि त्यांनाही ते कुणाला द्यायचं नव्हतं. बस लागल्यावर त्यांनी माझी बॅग वर चढवली आणि खिडकीशी येऊन उभे राहिले. "पोचल्यावर फोन कर," म्हणाले.

नसलेल्या ग्रहाचं प्रकरण मी प्रबंधात ठेवलं. मार्गदर्शक म्हणाले, पुढच्याला उपयोगी पडेल. आता माझ्याकडे दुसरा तारा आहे. फोनवर माय सगळं विचारते, जेवलीस का, थंडी आहे का, चप्पल घेतलीस का. ग्रहांचं मात्र ती विचारत नाही, आणि मीही विषय काढत नाही. मग ती फोन अण्णांकडं देते. पूर्वी ते दोन शब्दांत फोन ठेवायचे. हल्ली ठेवत नाहीत. जरा थांबतात, घसा साफ करतात.

"नवीन काई दिसलं का?"

"बघायलेय अजून."

"बघ," ते म्हणतात. "नीट बघ. घाई करू नको."